‘आले’ म्हणजे कोणी आलेले नाही

मंगळवारी संध्याकाळी गंगापूरच्या क्रीडा हॉलमध्ये अभय खरातने तलवारबाजीच्या वर्गाला प्रथमच फ्रेंचमध्ये आज्ञा दिली, आणि वर्गातील सर्व मुलींनी तलवारी खाली ठेवून चिंचा लपवायला सुरुवात केली.

निशाने आपली चिंच मुखवट्यात सरकवली. मेघाने हात पांढऱ्या जाकिटाला पुसले, मग ते जाकीट पांढरे आहे हे आठवून हात पाठीमागे लपवले. बाकीच्या भिंतीकडे धावल्या आणि अत्यंत निष्ठेने कमरेत वाकू लागल्या. दाराकडे कोणी पाहत नव्हते. पाहायचे नाही, हा त्या कवायतीचा महत्त्वाचा भाग होता.

“काय झालं?” अभयने विचारले.

“तुम्हीच म्हणले ना दादा, आले म्हणून,” मेघा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली.

“कोण आले?”

“कारभारी आण्णा. दुसरं कोण येतंय इथं?”

कारभारी हे हॉलचे रखवालदार. हॉलमधल्या निळ्या मॅटवर खाद्यपदार्थाचा कण पडू नये, हे त्यांनी आयुष्याचे उद्दिष्ट मानले होते. हॉलच्या मागे चिंचेचे झाड होते, हे मुलींनी मानले होते. या दोन भूमिकांमध्ये समेट शक्य नसल्यामुळे मुलींनी दारापाशी पाळीने एकीला उभे करण्याची व्यवस्था केली होती. कारभारींची सायकल दिसली की ती हळूच म्हणे, “आले.” दीर्घ सरावाने ही क्रिया विचाराच्या कक्षेबाहेर गेली होती. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात जसा मेंदूला न विचारता मागे येतो, तशी चिंच मुखवट्यात जाई.

फ्रेंच भाषेत झुंज सुरू करण्याची आज्ञा नेमकी ‘आले’ अशी आहे, याला कोणाचाच इलाज नव्हता.

आजवर हा प्रश्न उद्भवला नव्हता, कारण वर्गात आज्ञा अशा होत्या: अंगगार्ड, रेडी, प्ले, स्टॉप. त्यांपैकी पहिली मूळची फ्रेंच होती. पण अंगाचे रक्षण करायचे म्हणून अंगगार्ड, असे स्पष्टीकरण इतके पुरेसे होते की तिच्या मुळाशी जाण्याची गरज कोणाला वाटली नाही.

अभय सकाळी वाळूजच्या एका कारखान्यात पहिली पाळी करी आणि दुपारनंतर तिथूनच मोटारसायकलने गंगापूरला येई. वर्ग तात्पुरता होता. यंदा मात्र वरून कळवण्यात आले की प्रमाणित प्रशिक्षक नसेल तर वर्ग बंद होईल आणि तलवारी, मुखवटे, जाकिटे जिल्ह्याच्या गोदामात परत जातील. म्हणून अभयने शहरातल्या एका संस्थेत प्रशिक्षकाच्या पदविकेसाठी नाव घातले. शरीररचना, आहार, मानसशास्त्र या विषयांत तो उत्तीर्ण झाला. उरली एकच परीक्षा: फ्रान्सहून येणाऱ्या तज्ज्ञ बाईंसमोर स्वतःच्या विद्यार्थिनींचा सराव फ्रेंचमध्ये घेणे.

प्रशिक्षकाला परकीय भाषा कशाला हवी, यावर संस्थेत एक व्याख्यान झाले होते. बाकीचे प्रशिक्षणार्थी त्या वेळी डुलक्या घेत होते. अभय जागा होता. मागच्या वर्षी एका शिबिरात परदेशी पंचाने त्याच्याकडे वळून काहीतरी विचारले होते आणि अभयने अदबीने हसून मान हलवली होती. नंतर कळले, की निशाचा गुण रद्द करण्यास त्याची हरकत आहे का, असा तो प्रश्न होता. किंवा संमती आहे का, असा. त्याने नेमके कशाला मान हलवली हे अखेरपर्यंत स्पष्ट झाले नाही. गुण मात्र गेला. परतीच्या एसटीत निशा खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि अभयला तिने चार शब्द ऐकवले असते तर बरे वाटले असते.

* * *

शहरातल्या समर्थनगरात दत्तोपंत चौसाळकरांच्या फाटकावर पाटी होती: ‘येथे फ्रेंच शिकवले जाईल.’ त्याखाली बारीक अक्षरात ‘फक्त वाचन’ असेही लिहिले होते. पण नंतर वीजमंडळाने बरोबर त्या ओळीवर मीटरची पेटी बसवली. दत्तोपंत रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी वनस्पतिजन्य रंगांवर संशोधन करताना काही लेख केवळ फ्रेंचमध्ये उपलब्ध असल्याने त्यांनी एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकावरून ती भाषा आत्मसात केली होती. पुस्तकाला वाळवी लागली होती. वाळवीने पहिले प्रकरण खाल्ले होते. पहिले प्रकरण उच्चारांचे होते.

“चाळीस वर्षं येतंय यांना फ्रेंच,” भानुमतीबाई अभयपुढे पोह्यांची बशी ठेवत म्हणाल्या. “एकदा हौसेनं पाँडिचेरीला घेऊन गेले मला. तिथे यांनी चहा मागितला. वेटरनं डॉक्टरला फोन केला.”

“त्या वेटरचे फ्रेंच सदोष होते,” दत्तोपंत म्हणाले. ते सर्व विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. “बोला, अभय. मंगळवारच्या प्रयोगाचा निष्कर्ष काय?”

“सर, पोरी ‘आले’ म्हटलं की पळतात.”

“तुम्ही ‘आले’ म्हणता हेच मुळात चूक आहे. शेवटी झेड आहे. ‘अल्लेझ’ असा उच्चार असला पाहिजे.”

“नॅशनलला पंच ‘आले’ म्हणतात, सर. मी कानानं ऐकलंय.”

“किती पंच?”

“सगळे.”

दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला. “मग ‘आले’. निरीक्षणापुढे पुस्तकाचा हट्ट धरता येत नाही. आता त्याआधीचा शब्द पाहा. पंच विचारतात, तयार आहात का. हा शब्द लिहिताना पी, आर, ई, टी असा आहे. तो कसा म्हणतात?”

अभयने आठवून पाहिले. “तिथं डोक्यावर मास्क असतो, सर. ‘प्रे’ ऐकल्यासारखं वाटतं. शेवटचं नीट कळत नाही.”

“म्हणजे निरीक्षण अपुरे. अशा वेळी लिखित पुरावा ग्राह्य. टी आहे, तर ‘प्रेत’. आणि थांबा म्हणायला?”

“तिथं आपले लोक स्टॉपच म्हणतात.”

“एच, ए, एल, टी, ई.” दत्तोपंतांनी अक्षरे एकेक करून कागदावर मांडली. “हाल्ते.”

“हाल्ते,” अभय म्हणाला.

“उत्तम,” दत्तोपंत म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला. पाटी लावल्यापासून पाठ पूर्ण करून पुन्हा येणारा हा पहिलाच विद्यार्थी होता. दर बुधवारी तो यायचा म्हणून दत्तोपंत हल्ली बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालत. भानुमतीबाईंच्या हे ध्यानात आले होते. पण त्या याविषयी मात्र काही बोलत नसत.

* * *

‘आले’चा बंदोबस्त पुढच्याच वर्गात झाला.

“आजपासून ‘आले’ म्हणजे कोणी आलेलं नाही,” अभयने जाहीर केले. “आले म्हणजे पुढं व्हायचं. कळलं का?”

“मग आण्णा आले की काय म्हणायचं?” निशाने विचारले.

“तेव्हा चिंचा खायच्याच नाहीत.”

हे उत्तर कोणी विचारात घेतले नाही. मुलींनी आपापसात चर्चा केली. नवा शब्द जुन्याच्या नेमका उलट असावा, म्हणजे घोटाळा होणार नाही, असे मेघाचे म्हणणे पडले. तेव्हा कारभारी आण्णा आले की ‘गेले’ म्हणायचे, असे ठरले. तर्कात दोष नव्हता.

त्याच संध्याकाळी कारभारी सायकल लावून हॉलच्या पायरीशी चपला काढत असताना त्यांना आतून अभयचा गंभीर आवाज ऐकू आला. “प्रेत?”

“प्रेत,” मुलींनी एका सुरात उत्तर दिले.

कारभारी थबकले. तेवढ्यात दारापाशी असलेल्या मेघाला ते दिसले आणि ती आत तोंड करून खालच्या आवाजात म्हणाली, “गेले.”

आतून गडबड ऐकू आली आणि मग एकदम शांतता पसरली. कारभारींनी डोक्यावरची टोपी काढली. मुली माना खाली घालून, कमरेत वाकून, भिंतीपाशी ओळीने उभ्या होत्या.

“कवा?” कारभारींनी घोगऱ्या आवाजात विचारले.

“आत्ताच, आण्णा,” व्यायाम कधी सुरू केला असे ते विचारत आहेत अशा समजुतीने मेघा म्हणाली.

कोण गेले, हे पोरींसमोर विचारणे कारभारींना प्रशस्त वाटले नाही. ते आल्या पावली परत फिरले. दोन स्वतंत्र निरीक्षणे परस्परांना दुजोरा देत होती. यापेक्षा कमी पुराव्यावर मोठमोठे सिद्धान्त उभे राहिलेले आहेत. चौकात त्यांनी चहावाल्याला सांगितले, की हॉलमध्ये कोणीतरी गेले. चहावाल्याने पुढे सांगितले, की हॉलमध्ये पोरगी गेली. निशाची आजी केसरबाई त्या वेळी गिरणीत हरभऱ्याची डाळ दळत होत्या. त्यांनी डाळ तशीच टाकली आणि अनवाणी धावत आल्या.

हॉलमध्ये निशा मुखवटा घालून मेघावर हल्ला करत होती. केसरबाईंनी आधी तिला एक चापट मारली. मग तिचा मुखवटा काढून तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला. मुखवट्यात चिंच सापडल्यावर आणखी एक मारली. मग त्या मॅटवर खाली बसल्या आणि निशाचा हात धरून बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. निशाची आई नव्हती. निशा आणि आजी, एवढेच घर होते.

“उद्यापासून मी इथंच बसणार,” श्वास जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या. “पोरगी माझ्या डोळ्यासमोर पायजे.”

“बाहेरच्या मानसाला आत बसाया परवानगी नाय,” कारभारी दारातून म्हणाले.

“तुमी माझ्या नातीला जित्तेपणी पोचवलं, आण्णा. तुमी तर बोलूच नका.”

दुसऱ्या दिवशी कारभारींनी स्वतःच एक बाकडे आणून भिंतीशी ठेवले.

अभयने ‘प्रेत’ रद्द केले आणि ‘प्रे’ चालू केले. बुधवारी दत्तोपंतांना हे कळल्यावर त्यांनी शांतपणे मान्यता दिली. ‘हाल्ते’ मात्र कोणाच्या वाटेला गेले नव्हते, म्हणून ते तसेच राहिले, आणि त्याचा सराव सर्वांत कसून झाला. तलवार समोरच्याच्या छातीपासून बोटभर असो वा हातभर, ‘हाल्ते’ ऐकताच जिथल्या तिथे गोठायचे. केसरबाई बाकड्यावर हरभरे सोलत हे सगळे पाहत. त्यांना खेळ कळत नसे, पण निशा कधी जिंकते ते कळे; तेव्हा त्यांचे सोलणे थांबे.

* * *

परीक्षेच्या दिवशी मुली एसटीने शहरात आल्या. केसरबाईही आल्या. संस्थेच्या दारात अभयने त्यांना हात जोडले.

“आजी, आज आत काही बोलायचं नाही. काहीही झालं तरी. पाहुण्या बाईंना वाटंल कोण बोलतंय. माझा वर्गच जाईल.”

“मी कशाला बोलते, मास्तर? मला कुटं त्यांचं बोलणं येतंय?”

दत्तोपंत इस्त्रीचा शर्ट घालून आधीच हजर होते. ते केवळ विद्यार्थ्याला धीर देण्यासाठी आले होते. पण पुण्याहून येणारा दुभाषा हिमांशू वाळूजच्या पाळी सुटण्याच्या गर्दीत अडकल्याचा फोन आला, आणि संस्थेच्या प्रमुखांची नजर दत्तोपंतांवर स्थिरावली.

“सर, तुम्हाला फ्रेंच येतं ना?”

दत्तोपंतांनी आयुष्यात कधी खोटे सांगितले नव्हते. ‘येते’ हे खोटे नव्हते. ते पुढे होऊन फ्रेंच बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

बाईंचे नाव ओदील. त्या उंच होत्या, केस पांढरे, आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी अभयकडे पेनाने निर्देश करून दत्तोपंतांना काहीतरी विचारले. फ्रेंच भाषा हवेतून येते तेव्हा तिच्यात शब्दांमधली मोकळी जागा नसते, हे दत्तोपंतांच्या त्या क्षणी लक्षात आले. त्या प्रवाहातून त्यांच्या हाती दोनच शब्द लागले: ‘पद्धत’ आणि ‘झोन’. झोन म्हणजे पिवळा. पिवळ्याची पद्धत काय, असे बाई विचारत होत्या.

प्रत्यक्षात बाई म्हणाल्या होत्या ‘झ्यन’, म्हणजे लहान मुले. लहान मुलांना शिकवण्याची या प्रशिक्षकाची पद्धत काय, असा तो प्रश्न होता.

पिवळ्या रंगाचा प्रश्न परीक्षेत कसा आला, याचे दत्तोपंतांना आश्चर्य वाटले. पण डाळिंबाच्या सालीपासून पिवळा रंग काढण्याची कृती त्यांना अक्षरशः मुखोद्गत होती. उच्चारांचा भरवसा नसल्यामुळे त्यांनी खिशातून कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात, निर्दोष व्याकरणात लिहिले: ‘मंद आचेवर ठेवावे. उकळू देऊ नये. वारंवार ढवळू नये. धीर धरल्यास रंग आपणहून वर येतो. घाई केल्यास तो कायमचा फिका राहतो.’

ओदीलबाईंनी ते वाचले. पुन्हा वाचले. मग चष्म्यावरून अभयकडे असे पाहिले, की अभय दत्तोपंतांकडे सरकला.

“काय विचारलं, सर?” त्याने कुजबुजत विचारले.

“विषयाचे विचारले,” दत्तोपंत म्हणाले. “सांगितले मी.”

सराव सुरू झाला. निशा आणि मेघा समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींच्या पाठीला गुण मोजणाऱ्या यंत्राच्या वायरी जोडलेल्या होत्या आणि त्या यंत्राचे लाल-हिरवे दिवे एका उंच लोखंडी स्टँडवर लावलेले होते. स्टँडचा एक पाय जरा आखूड असल्याने कोणीतरी त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली होती. स्टँडच्या जवळच्या बाकावर केसरबाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

“अंगगार्ड,” अभय म्हणाला. ती सवय काही गेली नव्हती. “प्रे?”

“प्रे.”

“आले.”

चिंचा लपवायला कोणी धावले नाही. निशा सरसावली, मेघाने वार अडवला, दोघींचे पाय मॅटवर चटचट वाजू लागले. मेघा जोरात पुढे आली. निशा एकेक पाऊल मागे सरत तिला झुलवत स्टँडच्या दिशेने निघाली. तो डाव अभयनेच शिकवलेला होता. अभय निशाच्या मनगटाकडे पाहत होता, ओदीलबाई निशाच्या पायांकडे, दत्तोपंत आपल्या कागदाकडे. स्टँडच्या आखूड पायाभोवती वायरीचा वेढा पडला आहे, पुठ्ठ्याची घडी सरकली आहे, आणि दिव्यांचा तो लोखंडी डोलारा हळूहळू पुढे झुकतो आहे, हे फक्त बाकावरच्या बाईला दिसले.

केसरबाईंनी अभयला शब्द दिला होता. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग हात काढला.

“हालतं.”

निशा आणि मेघा गोठल्या. एकीचा पाय अर्धा उचललेला, दुसरीची तलवार हवेत. स्टँड निशाच्या पाठीमागे वीतभर अंतरावर मोठ्या आवाजात आडवा झाला. निशाने उचललेला पाय मागे टेकवला असता तर तो नेमका स्टँडखाली आला असता.

मुली हलल्या नाहीत. पुढची आज्ञा नव्हती.

अभयचे तोंड उघडे होते. आज्ञा द्यायला उघडले होते की नुसतेच, हे त्यालाही सांगता आले नसते. हॉलमध्ये आज्ञा देण्याचा अधिकार फक्त उमेदवाराला होता. तिसऱ्या माणसाने आवाज दिल्यास परीक्षा तिथेच संपते, हे त्याला ठाऊक होते. ओदीलबाई उठल्या. लंगडत स्टँडपाशी गेल्या, पुठ्ठा उचलून पाहिला, निशाच्या खांद्यावर हात ठेवला. मग केसरबाईंकडे बोट करून अभयला काहीतरी विचारले.

या वेळी प्रश्न समजायला भाषेची गरज नव्हती. ही कोण?

अभयने दत्तोपंतांकडे पाहिले. दत्तोपंतांच्या कपाळावर घाम होता. आजी हा शब्द रंगांवरील संशोधनात येत नाही.

“सांगा ना, सर, माझी सहायक आहे म्हणून,” अभय पुटपुटला. आणि लगेच, दत्तोपंतांनी कागद पुढे ओढण्यापूर्वीच, त्याला एसटीची खिडकी आठवली. “नको, सर. राहू द्या.”

तो ओदीलबाईंसमोर उभा राहिला. आई या शब्दाला काय म्हणतात, हे तिसऱ्या पाठात आले होते. हो, नाही, मी, ती, हे पहिल्याच पाठात.

“मेर,” त्याने निशाकडे हात केला. “मेर द मेर.” आईची आई. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “म्वा, नों.” मी नाही पाहिले. आणि केसरबाईंकडे वळून, “एल, वी.” तिने पाहिले.

अभयने कोणाच्या मदतीशिवाय बोललेली ही पहिली फ्रेंच वाक्ये होती आणि त्यांच्यापायी आपला वर्ग गेला, याबद्दल त्याची खात्री होती.

ओदीलबाई केसरबाईंकडे वळल्या. “वी?” त्यांनी हळूच विचारले. हो? खरेच, तुम्ही पाहिले?

केसरबाईंना वाटले, या बाईला आपले बोलणे थोडेफार येत असावे. “व्हय,” त्या म्हणाल्या.

“वी,” ओदीलबाई म्हणाल्या.

“व्हय व्हय,” केसरबाई म्हणाल्या, आणि बाई गुडघ्यामुळे अवघडल्या आहेत असे पाहून बाकावर सरकून त्यांनी जागा केली.

हिमांशू धापा टाकत पोहोचला तेव्हा दोघी शेजारी बसून हरभरे खात होत्या आणि बाकी सगळे उभे होते. ओदीलबाईंनी त्याला बराच वेळ काहीतरी सांगितले. ऐकताना हिमांशूचा चेहरा गोंधळत गेला.

“मॅडम म्हणतायत,” तो अखेर म्हणाला, “की त्या शब्दातला ‘ह’ फ्रेंचमध्ये उच्चारत नाहीत. खरं तर ‘आल्त’ म्हणायचं. पण नॉर्मंडीत त्यांच्या गावी जुनी माणसं तो ‘ह’ अजून म्हणायची. त्यांची आजी म्हणायची. समुद्राकाठी या लहान असताना फार पुढं गेल्या की आजी अशीच ओरडायची. आजी गेल्यापासून तसा आवाज त्यांनी ऐकला नव्हता.”

ओदीलबाईंनी आणखी काहीतरी विचारले.

“त्या विचारतायत, मुलींना हा उच्चार कुणी शिकवला?”

दत्तोपंत उभे राहिले. “मी,” ते म्हणाले. “माझ्या पुस्तकात उच्चारांचे प्रकरण नव्हते. वाळवीने खाल्ले होते. चूक माझी आहे, उमेदवाराची नाही.”

हिमांशूने ते भाषांतरित केले. ओदीलबाई हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

“म्हणतायत, चूक आहे, पण आता दुरुस्त करू नका. बरोबर शिकवलं असतं तर आज मुली थांबल्या नसत्या. आणि पास आहेत हे. थांबा म्हटल्यावर थांबणारी मुलं, आणि मी पाहिलं नाही म्हणणारा प्रशिक्षक, एवढं त्यांना पुरतं.” हिमांशूने ओदीलबाईंनी हाती दिलेला कागद उलटसुलट पाहिला. “शिवाय ते मंद आचेचं तत्त्व त्यांना फार आवडलं. तिकडे त्यांच्या संस्थेत लावणार आहेत. कुणाचं आहे ते?”

दत्तोपंतांच्या मनात ‘झोन’ आणि ‘झ्यन’ हे दोन शब्द एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले. ते पांढरे पडले, मग तांबडे झाले.

“डाळिंबाचे,” ते म्हणाले.

बाहेर अंगणात निशा अभयजवळ येऊन उभी राहिली. “दादा, या बारी तुम्ही मान नाय हलवली,” ती म्हणाली, आणि मुखवट्यातून एक चिंच काढून तिने त्याला दिली.

“मास्तर,” केसरबाई मागून म्हणाल्या, “त्या बाईनं नंतर बी लई काय काय इचारलं. मी समद्याला व्हय म्हणत ऱ्हायले. कशाकशाला व्हय म्हणले, ते मला कळाया पायजे.”

* * *

पुढच्या बुधवारी दत्तोपंत संध्याकाळपासून पुस्तक उघडून बसले होते. शर्टाला इस्त्री होती.

“आता कशाला येईल तो?” भानुमतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “काम झालं त्याचं.”

“न येण्याचीच शक्यता अधिक आहे,” दत्तोपंत म्हणाले. “मी फक्त चौथा पाठ चाळतो आहे.” समोरची खुर्ची मात्र त्यांनी पाहुण्यासाठी ओढून ठेवली होती. दिवेलागणीला त्यांनी पुस्तक मिटले.

तेव्हा फाटक वाजले. भानुमतीबाईंनी दार उघडले. अभय होता, त्याच्या मागे केसरबाई, आणि सर्वांत पुढे चिंचेच्या चटणीचा डबा घेतलेली निशा.

“अहो,” भानुमतीबाई मागोमाग दारापाशी पोहोचलेल्या दत्तोपंतांकडे आनंदाने वळून म्हणाल्या, “आले.”

निशाचा उजवा पाय तिला न विचारता सूं करून पुढे सरकला, हात सरळ झाला, आणि स्टीलचा डबा थेट इस्त्रीच्या शर्टाच्या रोखाने निघाला.

“हाल्ते,” दत्तोपंत म्हणाले.

डबा शर्टापासून बोटभर अंतरावर थांबला. निशा तशीच गोठून उभी राहिली. केसरबाई लगबगीने उंबरा ओलांडून आत आल्या, त्यांनी पंखा पाहिला, पुस्तकांचे कपाट पाहिले, हात लावून दाराची चौकट पाहिली.

“काय हालतं?” त्यांनी विचारले.

घरात काहीही हालत नव्हते. दत्तोपंतांचा आवाज तेवढा किंचित हालला होता. पण भानुमतीबाई सोडल्यास ते निरीक्षण कोणी नोंदवले नाही, आणि त्या पोहे करायला आत निघून गेल्या.